रिकामी किटली घेऊन पळणाऱ्या ताईंना

ताई, दहाव्याला तुमच्या फोटोसमोर बसून मी खोटं बोलले.

आधी तेच सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तुमच्याशी दुसरं काही बोलायला मला तोंड नाही. नदीवर विधी चालला होता. कावळा लगेच शिवला. कुणाला ताटकळत ठेवायची तुम्हाला सवयच नव्हती. मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे ती व्हायचीच, गेलेलं माणूस बोलणाऱ्याला माहीत असो की नसो. सोसायटीच्या माजी चेअरमननी तुम्हाला आदर्श गृहिणी म्हटलं, धार्मिक म्हटलं, आणि दोनदा तुमचं नाव चुकवलं. तुम्ही असतात तर पदराआड हसला असतात आणि मला चिमटा काढला असतात. पण त्यांच्यानंतर आपल्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, माहेरकडचे एक पाहुणे उठले. ते म्हणाले, चालणं वेगळं, पण बाईमाणसानं पन्नाशीला टेकल्यावर पळायचं म्हणजे जिवाशी खेळ, आणि मंदाताईंवरून आपल्या आयाबहिणींनी धडा घ्यावा.

बायकांच्या घोळक्यात माना हलल्या. आत्याबाईंची धाकटी बहीण माझ्या पुढ्यातच बसली होती. मावशींनी मागे वळून मला विचारलं, "वैशे, तू बी पळायचीस ना गं तिच्यासंगं?"

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "मी आपली चालायचे. ताईच पळायच्या."

एवढंच. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. आठ-दहा बायका माझ्याकडे बघत होत्या, तेवढ्यानं मी तुम्हाला एकटं सोडलं. मावशींचं समाधान झालं आणि त्या पुन्हा पुढे वळल्या. तुमची लेक प्राजक्ता काष्टीहून आली होती, ती शेजारी रडत होती. तिनं ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

आणि तेही खरं काय ते मला ठाऊक असताना. श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टर दादांना आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाले होते की डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, ती बसल्याजागीही फुटली असती, चालण्या-पळण्याशी, कशाशीच याचा संबंध लावू नका. दादा, तुमचे मालक, खाली मान घालून ऐकत होते. मी मान वर करून ऐकत होते. माईकवर नाही, निदान मावशींच्या कानात तरी मला ते सांगता आलं असतं.

ताई, लोकांना वाटतं तुम्हाला पळायला मी लावलं. मी शिकलेली, माझ्या हातात मोबाईल, म्हणून. खरं तर उलटं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी तुमची शुगर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात की दिवसभर मी दुसरं काय करते, गोठा ते विहीर, विहीर ते चूल. तरी आठवडाभर तुम्ही शहाण्या बाईसारख्या गोठ्याभोवती फेऱ्या मारल्यात आणि कंटाळलात. मग ती तांबडी कालवड सुटली. पेरूच्या बागेतून निघाली ती थेट पाटाच्या रस्त्यानं उधळली, आणि तुम्ही होतात तशा तिच्यामागे. मी घरातून काठी शोधून पोचेपर्यंत तुम्ही पार पुढच्या शिवाराजवळ तिचं दावं धरून उभ्या होतात. केस सुटलेले, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. मला वाटलं तुम्हाला चक्कर येणार. तुम्ही हसत होतात.

"लई दिसांनी पळाले गं," तुम्ही म्हणालात. "शाळंत असताना पळायचे."

शाळेत तुमचा पहिला नंबर यायचा आणि नववीला असताना लग्न झालं म्हणून ते थांबलं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आपण एका चुलीवर स्वयंपाक केला, एका ताटलीत लसूण सोलला, आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही माझ्या खिडकीवर टकटक केलीत. मी घाबरून विचारलं, कालवड परत सुटली का. तुम्ही म्हणालात, कालवड दावणीला आहे, आपण जाऊ.

किटलीची अक्कल तुमचीच. कुणी भेटलं आणि विचारलं कुठं निघालात, तर सांगायला काहीतरी हवं. म्हणून तुम्ही दुधाची ॲल्युमिनियमची किटली हातात घ्यायचात, म्हणजे दूध घालायला चाललो असं दिसावं. गंमत अशी की डेअरी पाटाच्या उलट्या बाजूला, ती उघडायची आपण घरी परत आल्यावर, आणि आपलं दूध दादा मोटारसायकलवर नेतात हे सगळ्या गावाला पाठ. म्हणजे दोन सुना रोज अंधारात रिकामी किटली घेऊन डेअरीकडे पाठ करून पळतात, असं गावाला दिसत असणार. तरी आपल्याला वाटायचं की आपण फार हुशार. बूटही तसेच. श्रीरामपूरला जाऊन दोन जोड आणले आणि गोठ्यात सरकी पेंडीच्या रिकाम्या पोत्यात लपवले. घरातून चपला घालून निघायचं, पाटाच्या पुलाजवळ बूट चढवायचे. साडीवर पळणं जमेना तेव्हा तुम्ही प्राजक्ताचा जुना पंजाबी ड्रेस काढलात, आणि ओढणी अशी गुंडाळलीत की फक्त डोळे दिसावेत. मी म्हणाले, ताई, दरोडा घालायला निघाल्यासारखं दिसतं. तुम्हाला इतकं हसू आलं की त्या दिवशी पळणं झालंच नाही.

मग तुमची उजवी बाजू दुखायला लागली. आधी कंबर, मग गुडघा. मी मोबाईलवर बघून तुम्हाला दहा गोष्टी सांगितल्या, बर्फ लावा, पट्टा बांधा, बूट बदला. तुम्ही सगळं केलंत, दुखणं तिथंच. शेवटी आपण श्रीरामपूरच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तुम्हाला आत नेलं, मी बाहेर बाकावर तुमची पिशवी धरून बसले. थोड्या वेळानं आतून बाईंच्या हसण्याचा आवाज आला, थांबेचना. तुम्ही मला नंतर सांगितलंत. बाईंनी तुम्हाला आतल्या लांब खोलीत पळायला लावलं आणि विचारलं, काकू, तुमचा उजवा हात हलत का नाही, मूठ का आवळलेली. तेव्हा तुम्ही किटलीचं खरं काय ते सांगून टाकलंत. हसून झाल्यावर बाईंनी नीट समजावलं, की रिकामी असली तरी एका हातात काही धरून रोज पळालं की अंग त्या बाजूला आखडतं, आणि त्याचा ताण कमरेवर आणि गुडघ्यावर येतो. दोन्ही हात मोकळे ठेवा, बाकी काही झालेलं नाही.

एसटीत राहाता जवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजी दुखनं पळन्याचं न्हाई. लाजंचं हाय."

ते वाक्य मी विसरले नाही. तुम्ही विसरलात असंही नाही. पण लाज अशी एका दिवसात सुटते थोडीच. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही किटली पुलाजवळच्या झुडपात ठेवायला लागलात आणि परतताना उचलून घरी आणायला लागलात. हात मोकळे झाले, गुडघा महिनाभरात बरा झाला.

त्या बाईंनी सांगितलेलं तुम्ही जितकं पाळलंत तितकं मी कधीच पाळलं नाही. पहिली काही मिनिटं नुसतं चालायचं. डांबरीवरून नाही, पाटाच्या कडेच्या मुरमावरूनच पळायचं, म्हणजे पायाला दणका कमी बसतो. बाजारच्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी पायांनाही सुट्टी. एकदम अंतर वाढवायचं नाही. मी कंटाळून कुरकुर केली की तुम्ही म्हणायचात, उन्हाळाभर बसून असलेल्या बैलाला पहिल्याच दिवशी कुणी दिवसभर औताला जुंपतं का. आणि शुगर असल्यानं तुमचे तळवे रोज बघायचे होते, कुठं घासलंय, कुठं फोड आलाय का, कारण तुम्हाला टोचलेलं पटकन कळायचं नाही. तुम्हाला वाकून दिसेना. म्हणून दुपारी जेवणं उरकली की ओसरीवर तुमचे पाय मी मांडीवर घ्यायची. पहिल्या दिवशी तुम्हाला कसंतरीच झालं. धाकट्या जावेच्या मांडीवर पाय द्यायचे म्हणजे काय, उलट तिनं पाया पडायचं. मी तुमच्या टाचेच्या भेगांत मलम भरलं तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत होतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं मलम झोंबतंय. आता वाटतं, तुमच्या पायांकडे कुणी इतकं निरखून पाहिलेलं तुम्हाला आठवत नसेल.

ताई, या सगळ्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही म्हणून राहिलं, असं मी मनाला सांगते. भांडायची पद्धत मात्र मी बरोबर पाळली.

नगरला बायकांची पळायची स्पर्धा असते हे मी मोबाईलवर पाहिलं आणि माझ्या डोक्यात ते बसलं. छातीवर नंबर लावून, हजार माणसांसमोर. तुम्हाला म्हटलं तुम्हीही चला. तुम्ही म्हणालात की आपण कुणाला दाखवायला पळतो का. मी चिडून म्हणाले की तुम्हाला लाज वाटते, हे कबूल करा ना. तुम्ही शांतपणे म्हणालात, "व्हय, वाटती लाज. पन मी थांबते का?"

मी आणखी चिडले. तुमच्या वेगानं पळून माझं काय होणार, असं मनात धरून मी संध्याकाळी गुपचूप एकटी डांबरीवर पळायला लागले. आठ-पंधरा दिवसांत डाव्या नळीत कळ यायला लागली. तुम्हाला सांगितलं नाही. पहाटे तुमच्यापुढे दात आवळून पळायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागून तुमचा आवाज आला, "वैशे, तुझं डावं पाऊल आज उशिरा पडतंय." मी म्हणाले, तुम्हाला भास होतोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही पळता पळता मला हाक मारून थांबवलंत, माझा पाय हातात घेतलात आणि नडगीवर बरोबर त्या जागी अंगठा दाबलात. मी ओरडले. पुढचे कितीतरी दिवस पळणं बंद, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी येताना मी तुम्हाला काय म्हणाले ते लिहितानाही हात अडतो. मी म्हणाले, "तुमी हळू पळता, म्हणून मला जादा पळावं लागलं."

माझा पाय बरा होईपर्यंत तुम्हीही पळाला नाहीत. रोज पहाटे माझ्याबरोबर नुसत्या चाललात. तुम्हाला कुणी थांबवलं नव्हतं, तुमचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. मी मनात म्हणायची, बरं झालं, यांनाही आराम. इतकी मी आंधळी.

तुम्ही नेहमी माझ्या मागे पळायचात. पहिल्या दिवसापासून. मी मागे राहू का विचारलं तर म्हणायचात, तू पुढं हो, मागनं तू मला दिसतीस, मला बरं वाटतं. मी समजायची तुम्हाला वेग झेपत नाही. वस्तीवरची कुत्री अंगावर यायची तेव्हा तुमच्या हातात आधीच दगड असायचा. मोटारसायकलवरची दोन पोरं मोबाईल धरून आपल्यामागे हळूहळू यायला लागली, तेव्हा तुम्ही थांबून त्यांना त्यांच्या आज्याचं नाव विचारलंत, आणि ती गेली. हे सगळं माझ्या पाठीमागे घडायचं. मला फक्त आवाज ऐकू यायचे, आणि मी आपली मोबाईलवर आकडे बघत पुढे. शाळेत पहिली येणारी बाई तीन वर्षं माझ्या मागे का पळते, हा प्रश्न मला पडला नाही.

आता शेवटचं भांडण. ते भांडण होतं हे तुम्हाला कळलं तरी का, कोण जाणे. तुम्ही पुलावर बसून बूट काढत होतात. म्हणालात, "ह्यांना एकदा दाखवायचंय मला."

काय, म्हणून मी विचारलं.

"पळताना. इतकी वर्सं झाली, त्यांनी मला निस्तं काम करतानाच बघितलंय."

दादांना तुम्ही चालायला जाता एवढंच ठाऊक होतं. मी लगेच नको म्हणाले. ते हसतील म्हणाले. आत्याबाईंच्या कानावर जाईल म्हणाले. निदान माझी नगरची स्पर्धा होऊ द्या, मग सांगा. यातलं तुमच्या काळजीपोटी काहीही नव्हतं. घरात कळलं तर माझं पळणं बंद होईल, एवढीच भीती होती. तुम्ही थोडा वेळ पाटाच्या पाण्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "हसू दे की हसले तर." मी पुन्हा नको म्हणाले. "बरं," तुम्ही म्हणालात, "तू म्हनतीस तर ऱ्हाऊ दे. तुझं झाल्यावर बघू." त्यानंतर आठवडाही गेला नाही. पीठ मळता मळता तुम्ही चुलीपुढे आडव्या झालात. त्या दिवशी पहाटे आपण पळून आलो होतो, आणि तुम्ही म्हणाला होतात की हवा छान आहे.

बूट सापडले ते दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी. कुणीतरी बसायला पोती काढली, त्यातून तुमचे बूट पडले. माझे दुसऱ्या पोत्यात होते, ते पडले नाहीत. तिथून बोलणं सुरू झालं, पळायच्या म्हणून झालं बघा, म्हणून झालं. दहाव्यापर्यंत ते माईकवर पोचलं.

तेराव्यानंतर आत्याबाईंनी तुमच्या साड्या वाटल्या. मला तुमची जांभळी साडी दिली, मी ती घेतली. ती घ्यायचीही मला लाज वाटायला हवी होती. बुटांना हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आत्याबाईंनी ते उकिरड्यावर टाकायला लावले. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर दादा उकिरड्यावर गेले, बूट घेऊन आले आणि हौदापाशी बसून गायी धुवायच्या ब्रशनं ते घासायला लागले. बुटांच्या तळाच्या खाचांत मुरूम अडकला होता. दादा तो काडीनं एकेक काढत होते. आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं, काय करायचेत आता ते. दादा म्हणाले, राहू द्या. मी हंडा घेऊन तिथंच उभी होते. मला वाटलं, ज्या माणसाला काही माहीत नाही तो हे करतोय, आणि मी, जिला सगळं माहीत आहे, मी काय केलं.

त्यानंतर माझ्यानं राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई, मावशी आणि शेजारच्या दोघी गहू निवडायला बसल्या होत्या. मावशींनी परत तोच विषय काढला. मी म्हणाले, "मावशी, दहाव्याला मी खोटं बोलले. मीबी पळायचे. रोज, ताईंबरोबर." मग डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. मावशींचा हात सुपात थांबला. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "आता सांगून काय ती यायचीय?" आणि उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी सरळ बोलत नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्या मुलांकरवी निरोप येतो. आमचे हे म्हणतात, कशाला उकरून काढलंस. मी तक्रार करत नाही. एवढं तर माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं. पण ताई, त्यानं माझी लाज फिटली असं समजू नका. मी तुम्हाला नाकारलं ते साऱ्या गावात, आणि कबूल केलं ते घरातल्या चार बायकांत.

हेही लिहून मी उठले असते. पण खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे, आणि ती सांगायला मी इतकी आडवळणं घेतेय.

पहाटे सवयीनं जाग आली. तुम्ही गेल्यापासून मी रोज त्या वेळी उठते आणि पाणी भरत बसते. फाटकापाशी दादा उभे होते. मी पदर डोक्यावर घेतला. लग्न होऊन आल्यापासून दादा माझ्याशी कामापुरतंच बोललेत, आणि मीही त्यांच्यासमोर कधी मान वर करून उभी राहिले नाही. ते म्हणाले, "काल बोललीस ते ऐकलं मी. पाटावर येतीस का जरा? कुठं जायच्या तुमी, ते दाव."

ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. मला वाटलं ते आता मला बोलणार. रागावले असते तर फार बरं झालं असतं. पुलावर आल्यावर त्यांनी विचारलं, कुठून कुठपर्यंत. मी हात करून दाखवलं, इथून त्या वस्तीच्या पलीकडे पाटाला फुटलेल्या चारीपर्यंत. ते म्हणाले, एवढं लांब. मी म्हणाले, परत पण यायचो. त्यांनी मान हलवली. पाटाला पाणी होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. ते त्या मुरमाच्या रस्त्याकडे नुसते बघत राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वैशाली, पळताना कशी दिसायची गं ती?"

ताई, मी तोंड उघडलं. मला वाटलं आता मी त्यांना सांगेन, भरभरून सांगेन, तेवढं तरी माझ्या हातानं होईल. आणि सांगायला माझ्यापाशी काही नव्हतं. तुमचा श्वास मला ठाऊक आहे. मुरमावर तुमचं पाऊल कसं वाजायचं ते ठाऊक आहे. पण तुमचे हात कसे हलायचे, तुम्ही मान ताठ ठेवायचात की खाली, तोंडावरची ओढणी सोडायचात का, पळताना तुम्ही हसायचात का, यातलं मला काहीही माहीत नाही. तीन वर्षांत मी एकदाही मान वळवली नाही. तुम्हाला त्यांना दाखवायचं होतं आणि मी नको म्हणाले, हे मी त्यांना त्या वेळीही सांगितलं नाही. ते तुमच्या-माझ्यातच राहिलंय. ते सांगण्याइतकी मी अजून चांगली झालेली नाही.

काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर मनात आलं. एकदा खोटं बोलून झालं होतं, म्हणून या वेळी नाही बोलले.

"दादा," मी म्हणाले, "मी पुढं असायचे. ताई मागं. मी कधी बघितलंच न्हाई."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि हातातच धरून ठेवली.

"म्हंजी," ते म्हणाले, "आपन दोघांनीबी तिला पाहिलं न्हाई."